पावसाळी स्कॉटलंडला आई-आबांना घेऊन कॅम्परव्हॅननं जायचंय, १२ दिवस. कधी जावं, कसं जावं?

औसा_लातूर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहायलोय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही.

माझी ताई आणि दाजी ६ वर्षांपासून ग्लासगोला राहायलेत. पुढच्या वर्षी आई-आबांना तिकडं बोलावलंय आणि सोबत मी पण जायलोय. दाजींला रजा नाही, त्यामुळं आम्ही चौघंच, ताई, आई, आबा आणि मी. ताईच्या डोक्यात आहे की हॉटेल-बिटेल नको, एक कॅम्परव्हॅन भाड्यानं घेऊ, आतच झोपायचं, आतच स्वयंपाक, आणि १२ दिवस उत्तरेकडच्या डोंगराळ भागात सावकाश फिरायचं. गाडी ती आणि मी आलटून पालटून चालवू.

आता अडचण अशी की ज्याला सांगावं तो म्हणायलाय, तिकडं पाऊस लै असतो, म्हाताऱ्या माणसांला घेऊन पावसात कुठं फिरता, त्यापेक्षा लंडन दाखवा आणि परत या. पण आबांना नेमका तो पाऊसच बघायचाय. आबांचं वय ६८, औशाजवळ ९ एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मला कळायला लागल्यापासून त्यांची एक वही आहे, त्यात कोणत्या दिवशी किती पाऊस झाला ते लिहिलेलं असतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते तुम्हाला आठवत असेल, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, त्या दिवशी आबा मुद्दाम स्टेशनला जाऊन ती गाडी बघून आले होते आणि घरी येऊन काहीच बोलले नाहीत. त्या माणसानं मला स्वतःहून आजपर्यंत काही मागितलेलं नाही, आता म्हणायलेत की तिकडं रोज पाऊस पडतो तर बघू तरी कसा पडतो.

तर विचारायचं असं की कोणत्या महिन्यात जावं? नेटवर सगळीकडं ती नॉर्थ कोस्ट ५०० दिसायली, इन्व्हर्नेसपासून निघून सगळा उत्तर किनारा फिरून परत इन्व्हर्नेस, ८३० किमी, ती करावी का? रात्री गाडी कुठंही लावून झोपता येतं का? आपलं लायसन चालतं का? आणि आईच्या गुडघ्याला त्रास आहे, तिला व्हॅनमधे जमेल का हो? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, ऐकीव नको.

---

नांदेड_ते_ग्लासगो

मी ९ वर्षं झाली इकडं आहे, दर वर्षी एक तरी फेरी व्हॅननं करतो, त्यामुळं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, ती ५०० ची भानगड डोक्यातून काढा. रस्ता वाईट आहे म्हणून नाही, फार सुंदर आहे. पण २०१५ ला त्याला नाव देऊन जाहिरात झाली तेव्हापासून लोक तो एखादी परिक्रमा पूर्ण करायची असल्यासारखा करायला लागले, रोज पहाटे निघायचं, १५० किमी कापायचं, फोटो काढायचा, पुढं. ८३० किमी आपल्या हिशोबानं काहीच नाही, लातूर-मुंबई जाऊन निम्म्याहून जास्त परत आलं तर होतात, पण तिथला बराचसा रस्ता एकेरी आहे, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा, ताशी ३०-४० किमीच्या वर सरासरी पडत नाही. म्हाताऱ्या माणसांला घेऊन गेलात तर दिवसभर खिडकीतून वायपर बघत बसतील. १२ दिवसात फक्त ४ मुक्काम करा, एका ठिकाणी ३-३ रात्री. माझं ऐकाल तर ग्लासगोहून ग्लेन्को (अडीच तास), तिथून फोर्ट विल्यम करून मालेगपर्यंत, मालेगला व्हॅन बोटीत घालायची आणि स्काय बेटावर उतरायचं, स्कायवरून पुलानं परत जमिनीवर, मग टोरिडन-गेअरलॉख, मग उल्लापूल, आणि तिथून दीड-दोन तासात इन्व्हर्नेस, आणि मोठ्या रस्त्यानं घरी. बोटीचं बुकिंग व्हॅनची लांबी सांगून आधीच करा, आणि बोटीत चढताना गॅसची टाकी बंद करायची असते.

आता पाऊस. आबांना हे नक्की सांगा कारण त्यांना ते समजेल. अटलांटिकवरून वारं येतं, पश्चिमेच्या डोंगराला धडकतं, वर चढतं आणि तिथंच सगळं सांडतं. अगदी आपल्या सह्याद्रीसारखं. पश्चिमेकडच्या काही डोंगरात वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस आहे. आणि डोंगर ओलांडून पूर्वेला इन्व्हर्नेसच्या बाजूला उतरलं की सातशेच्या आसपास. म्हणजे तो त्यांचा मराठवाडा झाला, पर्जन्यछायेतला! पण बघा, सातशे मिमी आपल्याकडं पण आणि सातशे तिकडं पण, आणि तिकडं सगळं हिरवंगार, बार्लीची पिकं उभी. कारण तिकडचा पाऊस बाराही महिने थोडा थोडा येतो आणि ऊन नसल्यामुळं उडून जात नाही, आपल्याकडं चार महिन्यात येतो, त्यातही चार-सहा दिवसात निम्मा कोसळतो आणि मातीसकट वाहून जातो. हे मला इकडं आल्यावर कळलं आणि लै दिवस मनातून गेलं नाही.

त्यामुळं एक लक्षात ठेवा, आबांच्या मनात जो पाऊस असंल, ढग गडगडून बदाबदा पडणारा, तसा तिकडं क्वचितच. तिकडं भुरभुर, रिपरिप, धुक्यासारखा अंगाला चिकटणारा, मधेच पंधरा मिनिटं ऊन, परत सर. जुनी माणसं ज्याला झड म्हणायची, सात-सात दिवसाची, तिच्या जवळ जाणारं काही असेल तर ते.

महिना: मे किंवा सप्टेंबर. जून ते ऑगस्ट मिजेस असतात, आपल्या भाषेत चिलटं, पण चावणारी, ढगाळ हवा आणि वारा पडलेला असला की संध्याकाळी हजारोंनी येतात, दार उघडं राहिलं तर व्हॅन भरून जाते. वारा असला की गायब. जाळीची टोपी आणि अंगाला लावायचं औषध इकडंच घ्या. मे त्यातल्या त्यात कोरडा महिना, म्हणजे तरी पाऊस असतोच, आणि शेवटी शेवटी रात्री दहापर्यंत उजेड. सप्टेंबरात पाऊस जास्त, गर्दी कमी. तुमच्याकडं मेमधे रान रिकामं असतं आणि सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन काढणीला येतं, त्यामुळं आबांचं मन कशात राहील ते तुम्हीच बघा.

---

अंबाजोगाई_स्टेअरिंग

नांदेडकर दादांनी बरंच सांगितलं, मी फक्त गाडी चालवण्याबद्दल लिहितो, कारण मागच्या वर्षी मी ३ आठवडे चालवली आणि पहिले दोन दिवस घाम फुटला होता.

लायसन: आपलं महाराष्ट्राचं कार्ड इंग्रजीत असतं, फिरायला गेलेल्या माणसाला ग्रेट ब्रिटनमधे १२ महिने त्यावर चालवता येतं. तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, कारण कायदा एक आणि भाड्यानं देणाऱ्याच्या विम्याच्या अटी वेगळ्या, वय किती, लायसन किती वर्षं जुनं, हे पैसे भरायच्या आधी ईमेलवर लेखी विचारून घ्या. गाडी साडेतीन टनाच्या आतलीच घ्यायची. आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवायचं त्यामुळं ती भीती नाही.

खरी गोष्ट एकेरी रस्त्याची. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता जरा रुंद केलेला असतो, तिथं पाटी असते, त्याला पासिंग प्लेस म्हणतात. समोरून गाडी दिसली आणि ती जागा तुमच्या डाव्या हाताला असली तर आत घ्या, उजव्या हाताला असली तर आत घुसायचं नाही, रस्त्यावरच तिच्या समोर थांबायचं आणि समोरच्याला त्या खोबणीतून जाऊ द्यायचं. मी पहिल्याच दिवशी उजवीकडं घुसलो आणि समोरचा मनुष्य गोंधळून गेला. आणि मागं कोणी आलं तर बाजूला घेऊन त्याला पुढं जाऊ द्या, तुम्ही फिरायला आलाय पण मागचा कदाचित डॉक्टर असंल, शाळेची गाडी असंल, तिथं दुसरा रस्ताच नसतो. तिथल्या लोकांचा पर्यटकांवर सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आहे. त्या जागेत गाडी लावून चहा करणारे पण मी बघितले, असं करू नगा. जाताना हात वर करायचा, हॉर्न वाजवायचा नाही.

ॲपलक्रॉसला जायचा एक घाट आहे, ब्यालाख ना बा, ६२६ मीटर, एकेरी आणि केसाच्या पिनेसारखी वळणं, खाली मोठी पाटीच आहे की मोठ्या गाड्यांनी जाऊ नये. तुमची ताई किती का सराईत असंना, व्हॅन तिथं घालू नका. गाडीची उंची एका कागदावर मीटरमधे लिहून स्टेअरिंगजवळ चिकटवा. आणि उत्तर-पश्चिमेला पंप लांब लांब आहेत, निम्मी टाकी झाली की भरा. तिन्हीसांजेला हरणं आडवी येतात, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा.

---

परभणी_वसमत_रोड

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका. आम्ही आई-वडिलांना घेऊन व्हॅननं गेलो होतो (स्कॉटलंड नाही, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याला, तिथं पण असाच पाऊस) आणि चौथ्या दिवशी व्हॅन एका जागी उभी करून खोली घ्यावी लागली. कारण सांगतो. आम्ही घेतलेल्या गाडीत एक पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर, शिडीनं चढायचा, आणि दुसरा रोज रात्री टेबल मोडून करायचा. वडील रात्री दोनदा उठतात. प्रत्येक वेळी सगळ्यांची झोपमोड. संडास एवढासा की दार लावून वळता येत नाही. आणि ओले कपडे! पाच-सहा दिवस काहीच वाळत नाही, आतून काचांवर पाणी, गादीला दमट वास, आईला खोकला झाला. त्यात मीच शहाणपणा करून एका रात्री बाहेरचा पडदा, ते ऑनिंग, गुंडाळलं नाही, वाऱ्यानं फाटलं आणि भाड्याच्या कंपनीनं ठेवीतून बरेच पैसे कापले.

साधी कार आणि घरगुती खोल्या, असं पण होतं. पावसाला बघायला पावसातच झोपायची गरज नाही. आईच्या गुडघ्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली.

---

उदगीरची_सून

परभणीकर काकांचं खरं आहे पण त्याच्यावर उपाय आहेत म्हणून लिहायले. आम्ही माझ्या सासूबाईंना घेऊन गेलो होतो, वय ७१, दोन्ही गुडघे गेलेले. ११ दिवस. टोरिडन, गेअरलॉख आणि उल्लापूल एवढंच. त्या अजून त्याच ११ दिवसांबद्दल बोलतात.

गाडी घेताना फोटोवर जाऊ नका, आतला नकाशा मागवा. कायमचा खालचा पलंग पाहिजे, दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा, आणि संडासापर्यंत तीन पावलं. चढायच्या पायरीखाली एक जास्तीची पायरी मागून घ्या. सीटबेल्ट जेवढे तेवढीच माणसं, चालत्या गाडीत मागं पलंगावर बसवायचं नाही. डिझेलचा हीटर असलेलीच गाडी घ्या, रात्री बारीक चालू ठेवा आणि छताची खिडकी दोन बोटं उघडी, मग काचेवर पाणी धरत नाही. ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून कधीच बसायचं नाही, त्यानं माणसं दगावतात. कपडे कॅम्पसाइटवर वाळवायला मशीन किंवा वाळवणीची खोली असते, बुकिंग करताना विचारा. सुती कपडे नेऊच नका, सासूबाईंना मी नऊवारीखाली लोकरीचे पायमोजे आणि वरून लांब रेनकोट घातला होता, छत्री वाऱ्यात टिकत नाही.

रात्री कुठंही थांबता येतं का, तर नाही. तिकडं २००३ च्या जमीन कायद्यानं पायी फिरणाऱ्याला मोकळ्या रानात तंबू टाकायचा हक्क दिलाय, लोक समजतात तो व्हॅनला पण आहे. मोटारीला तो हक्क नाही. आम्ही सगळ्या रात्री कॅम्पसाइटवर काढल्या, साधारण ३० पाउंडाच्या आसपास एक रात्र, त्यात वीज, पाणी, अंघोळ, आणि संडासाची पेटी रिकामी करायची जागा. ती पेटी चौघांत दोन दिवसात भरते, एकानं ते काम आपलं म्हणून घ्यायचं, आमच्याकडं माझ्या नवऱ्यानं घेतलं. वीज घेतली तरी किटली आणि हीटर एकदम लावलं की उडते. मिक्सर वीज असेल तेव्हाच.

आता जे मला खरं सांगायचंय ते. व्हॅनमधे पाण्याची टाकी शंभर लिटरच्या आतबाहेर असते. कॅम्पसाइटवरच्या बाकीच्या व्हॅनवाल्यांनी आम्हाला सांगितलं होतं रोज भरावी लागते. आमची तीन दिवस गेली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नळ हातात घेतला. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला, तोंड धुवायला एक तांब्या. मी म्हणायले, आत्या, बाहेर बघा की किती पाणी पडायलंय, कॅम्पवर नळ फुकट आहे, सोडा की नळ. त्या म्हणाल्या, पडायलंय ते त्यांचं आहे. ज्या बाईनं चाळीस वर्षं टँकरच्या रांगेत घागरी लावल्या तिला हात सैल करता येत नाही, आणि मी पण मग म्हणायचं सोडलं.

पण तिसऱ्या दिवसापासून त्या दुपारी व्हॅनच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागल्या, वरून ऑनिंग, गुडघ्यावर घोंगडी, समोर तळं, आणि तळ्यावर पाऊस चालत येताना दिसतो, आधी पलीकडचा डोंगर जातो, मग मधलं बेट जातं, मग आपल्या पुढचं पाणी खरबरीत होतं आणि मग डोक्यावर आवाज. दोन-दोन तास. आम्ही त्या दिवशी कुठंच गेलो नाही. व्हॅनचा उपयोग हाच आहे काका, खोलीतून पाऊस असा दिसत नाही, आणि पाऊस आला म्हणून दिवस वाया गेला असं वाटत नाही. फक्त पळायचं नाही. नांदेडकर भाऊजी म्हणाले ते चार मुक्कामाचं अगदी बरोबर, मी तर म्हणते तीन करा.

जेवणाचं: येसर, शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, ज्वारीचं पीठ नेलं होतं. तूप, पेढे, खवा असलं दुधाचं काहीच नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात, आपल्याकडून दुधाचं नि मटणाचं न्यायला बंदी आहे. तूप तिकडं मिळतं. दोन शेगड्यांवर भाकरी होते, पण तवा घरून न्या, तिथले तवे पातळ आणि चिकट. पावसात येसराची आमटी आणि गरम भाकरी, शेजारच्या व्हॅनमधले म्हातारे जोडपे वासानं विचारायला आले होते, त्यांना पण दिली.

---

दगडांचा_मास्तर_संभाजीनगर

मी भूगोल शिकवतो. प्रवासाचा मला अनुभव नाही पण एक गोष्ट आबांसाठी सांगावीशी वाटते, म्हणून लिहितो.

स्काय बेटाच्या उत्तर भागात पोचलात की डोंगराच्या पायऱ्या दिसतील, एकावर एक थर, वर सपाट. आबांना विचारा हे कुठं बघितलंय. कारण तो आपलाच दगड आहे. म्हणजे एकाच ज्वालामुखीतला नव्हे, पण जात तीच, बेसाल्ट. आपल्याकडचा दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, ज्यात वेरूळचं कैलास कोरलंय, अजिंठा कोरलंय, आणि ज्याच्यापासून तुमच्या रानातली काळी माती झाली. स्कायचा साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचा, अटलांटिक महासागर फाटून उघडत होता तेव्हाचा. तिथं ओल्ड मॅन ऑफ स्टॉर नावाचा सुळका आहे आणि क्विरांग नावाची कोसळलेली डोंगररांग आहे, खालचे जुने गाळाचे खडक वरच्या लाव्ह्याच्या वजनानं सरकले आणि अख्खी कडा घसरली. तेवढी चढण आईंना जमणार नाही, पण दोन्ही रस्त्यावरून दिसतात, ढग वर गेले तर.

मग तोच काळा दगड असून तिथं काळी माती का नाही? थंडी आणि कायमची ओल. गवत-शेवाळ कुजायच्या ऐवजी साचत जातं, त्याला पीट म्हणतात, भुईवर तपकिरी स्पंजासारखा थर. पावसानंतर तिथले ओढे कोऱ्या चहाच्या रंगाचे वाहतात ते त्याच्यामुळं, पाणी घाण नाही. तिथले लोक ते पीट कापून, वाळवून चुलीत घालायचे, आपल्या गोवऱ्यांसारखं.

आणि टोरिडनला गेलात तर तांबडे डोंगर आहेत, वाळूचा दगड, शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा. त्याच्या खाली राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचा, त्यातला काही ३०० कोटी वर्षांचा. हात लावून या. तिथंच बेन एय म्हणून डोंगर आहे, १९५१ मधे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव तिथं झालं.

आबा शेतकरी आहेत तर क्रॉफ्ट बघायला सांगा. समुद्राकाठी चिमुकल्या पट्ट्या, एक घर, थोडी मेंढरं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी हजारो कुळांना हुसकून लावलं, मग १८८६ च्या क्रॉफ्टर कायद्यानं उरलेल्यांना जमिनीवरून काढता येणार नाही असा हक्क मिळाला. आपल्याकडं निजामाचं राज्य गेल्यावर १९५० ला हैदराबादचा कूळ कायदा आला, तोच विषय. आबांच्या वडिलांनी तो काळ बघितला असेल.

---

औसा_लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री जेवणं झाल्यावर आबांना आणि आईला सगळं वाचून दाखवलं, उदगीरच्या वहिनींचं दोनदा वाचायला लावलं आईनं.

परभणीकर काका, राग कसला, तुमच्यामुळं ताईनं ठरवलेली गाडी रद्द केली, तिच्यात वरचाच पलंग होता. आता कायमचा खालचा पलंग असलेली, सहा-सात मीटरची चौघांची बघायलोय, दिवसाला शंभर पाउंडाच्या वर जायलेत पण खोल्यांचा हिशोब धरला तर फार फरक नाही. शिवाय मधे एक रात्र उल्लापूलला खोली घ्यायची असं ठरलं, आईला नीट अंघोळ आणि पाय पसरून झोप.

महिना मे. आबाच म्हणाले. सप्टेंबरात माझं सोयाबीन इथं आणि मी तिथं, जीव लागणार नाही. आणि मेमधे आपल्या इथं जमीन भेगाळलेली असताना तिथं भुईवर पाणी उभं असतं, ते तेव्हाच बघायचं म्हणाले.

मुक्काम तीनच. ग्लेन्को, टोरिडन, उल्लापूल. स्काय सोडावं का ठेवावं यावर ताईचं आणि माझं भांडण चालू होतं, मास्तरांचं वाचल्यावर आबा म्हणाले वेरूळचा दगड तिथं हाय तर जायचं, त्यामुळं ग्लेन्को कमी करून स्काय घेतलं. ग्लेन्को वाटेत लागतंच, थांबून चहा घेऊ.

दोन शंका राहिल्या. उल्लापूलजवळ आईला फार न चालता बघता येईल असं काही आहे का? आणि दुसरी आबांची, त्यांनी मला मुद्दाम लिहायला सांगितलीय: तिकडं पाऊस मिलिमीटरमधे मोजतेत का इंचात, आणि रोजचा आकडा कुठं कळतो.

---

नांदेड_ते_ग्लासगो

उल्लापूलच्या अलीकडं वीसेक किमीवर कोरीशालोख घळ आहे. वाहनतळापासून थोडं उतरून चाललं की १८७४ चा झुलता पूल, पुलाखाली खोल चिरलेली घळ आणि ४६ मीटरचा धबधबा. वाट चांगली बांधलेली आहे पण परत येताना चढ आहे, तेव्हा आईंना घाई नको, आणि पूल हलतो हे आधी सांगून ठेवा. तेही नको असेल तर गेअरलॉखच्या पुढं इन्व्हर्यूची बाग, १८६२ ला एका माणसानं उघड्या खडकावर माती आणून लावली, समुद्राचा उबदार प्रवाह जवळून जातो म्हणून तिथं ताडासारखी झाडं वाढतात, वाटा बऱ्यापैकी सपाट. आबांना बागच जास्त आवडेल असं मला वाटतं.

गोचीड सांगायची राहिली. उंच गवतातून फिरलं की संध्याकाळी पाय, गुडघ्यामागं, कमरेला बघायचं, तिकडच्या गोचिडापासून लाइमचा आजार होतो. आबांना गोचीड ओळखायला शिकवायला नको.

पाऊस मिलिमीटरमधे. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या साइटवर कळतो, पण त्यांचं केंद्र तुमच्या मुक्कामापासून एखाद्या डोंगरापलीकडं असलं की आकडा काहीच्या काही वेगळा येतो, टोरिडनला एकाच दिवशी तळ्याच्या अलीकडं आणि पलीकडं फरक पडतो. आबांना खरा आकडा वहीत पाहिजे असेल तर प्लास्टिकचं पर्जन्यमापक नळकांडं घेऊन या, वजनाला काहीच नाही. व्हॅनपासून जरा लांब, मोकळ्यात रोवायचं, ऑनिंगचं पाणी त्यात पडू द्यायचं नाही.

---

औसा_लातूर

नळकांडं घरात आहेच दादा. आबांनी आत्ताच खुंटीवरून काढून धुऊन ठेवलं.